पोटातले कावळे

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारले, "भूक लागली का गं?" प्रश्न रोजचाच होता, आमच्या घरात दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा, पण मला त्याचे उत्तर देता येईना. मी पोटाकडे लक्ष देऊन पाहिले. टाक्यांची जागा ओढत होती, घशाशी थोडे आंबट येत होते, अंगात शक्ती नव्हती; परंतु भूक म्हणून जिला मी ४३ वर्षे ओळखत होते, ती कुठेच नव्हती. "नाही लागली," असे मी सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते केवळ काळजीचे नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

आमच्याकडे एखाद्याचे दुखणे किती पुढे गेले आहे, हे सांगायला "अन्नावरची वासना उडाली" एवढे तीन शब्द पुरतात. माझे सासरे गेले त्याआधीचे दोन महिने सासूबाईंच्या तोंडी हेच वाक्य असे. त्यामुळे सून रुग्णालयात स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, कागदांवर सह्या करून, पैसे भरून वासना उडवून आली, हे त्यांच्या मनाला पटणे अवघड होते. "रोजच उपास की मग हा," असे त्या एकदा म्हणाल्या आणि देवघरात निघून गेल्या.

शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झाले. त्या वेळी माझे वजन ११२ किलो होते आणि उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचे माप, ४५च्या वर. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या, झोपेत श्वास अडकत असल्यामुळे रात्री नाकावर मशीन लावावे लागे. ठाण्यातल्याच एका रुग्णालयात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी झाली. या शस्त्रक्रियेत जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. तिच्यात आरंभी जेमतेम आमटीची एक वाटी मावते. "पोट लहान केले, म्हणून खाणे कमी झाले," असे लोकांना वाटते आणि ते खोटे नाही. पण काढून टाकलेल्या भागात जठराचा वरचा घुमटासारखा भाग असतो आणि घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक प्रामुख्याने तिथेच तयार होते. जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ साली ते उंदराच्या जठरातून शोधून काढले. त्याचे नाव ज्या प्राचीन धातूवरून घेतले आहे, त्याचा अर्थ 'वाढणे' असा आहे, कारण शरीराची वाढ करणाऱ्या संप्रेरकाला ते चालना देते. आपल्याकडे ताटात अन्न घालण्यालाही वाढणेच म्हणतात. हा योगायोग मला आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या बसल्या सुचला आणि त्या दिवशी मी बऱ्याच आठवड्यांनी हसले.

भूक गेल्याने सर्वांत आधी माझे घड्याळ बिघडले. पूर्वी माझा सगळा दिवस भुकेच्या खुंट्यांवर टांगलेला असे. सकाळी नौपाड्यातून निघून स्टेशनकडून वागळे इस्टेटची शेअर रिक्षा पकडायची, ती कार्यालयाशी पोहोचेपर्यंत पोटात कावळे ओरडू लागलेले असायचे. अकराच्या चहाबरोबर काहीतरी, एकला डबा, चारला पुन्हा काहीतरी, आणि संध्याकाळी परतताना कुंजविहारचा वडापाव, जो मी घरी कधीही कबूल केला नाही. कामाचे तास मी या थांब्यांमधले अंतर म्हणूनच मोजत असे. शस्त्रक्रियेनंतर कामावर रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी दुपारी अडीच वाजता शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने डबा खाल्लास का असे विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की सकाळपासून पोटात चार घोट पाण्याखेरीज काहीही गेलेले नाही आणि मला त्याची आठवणसुद्धा झालेली नाही. त्याच संध्याकाळी रिक्षातून उतरताना चक्कर आली. भूक लागत नाही म्हणून शरीराला अन्न लागत नाही असे नव्हे, ही गोष्ट डॉक्टरांनी आधी तीनदा सांगितली होती. ती मला कळली ती त्या फुटपाथवर, रिक्षाचा दांडा धरून उभी असताना.

तेव्हापासून माझी भूक फोनमध्ये राहू लागली. दिवसभरात नऊ गजर वाजत. सकाळी उठल्यावर पाणी, मग न्याहारी, मग लोहाची गोळी, तिच्यानंतर निदान दोन तासांनी कॅल्शियम, कारण ही दोन्ही एकत्र घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहाही नको. ब-१२ जन्मभर. ते शोषले जाण्यासाठी लागणारा एक घटक जठरातच तयार होतो आणि माझे बहुतेक जठर आता माझ्याजवळ नाही. या सगळ्यात खरे अवघड गेले ते पाणी. पहिल्या दोन आठवड्यांत तर मी औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणाने पाणी पीत होते, ३० मिलिलिटर दहा-पंधरा मिनिटांत संपवायचे, पुन्हा भरायचे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. ताटाशेजारी पाण्याचे भांडे भरून ठेवल्याशिवाय सासूबाईंना पान वाढल्यासारखेच वाटत नाही, त्यामुळे महिनाभर त्या सवयीने भांडे ठेवत आणि मी ते उचलून ओट्यावर नेत असे. शेवटी त्यांनी त्या जागी एक रिकामे भांडे ठेवायला सुरुवात केली. यावर आम्ही दोघींनी काहीही बोलायचे टाळले.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, असा हिशेब मला दिला होता. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर वरणात साधारण तितकीच, आणि माझ्या पोटात एका वेळी मावते अर्धी वाटी. यावरून गणित किती विस्कटलेले आहे हे कुणालाही कळेल. प्रोटीन पावडरीची चव मला आजतागायत आवडलेली नाही. मात्र सीकेपी घरात दिलेली असल्याचा मला पहिल्यांदाच वैद्यकीय लाभ झाला. वाफवलेली सुरमई, अगदी मऊ शिजवलेले बोंबील आणि वालाचे बिरडे हे तीनही पदार्थ आहारतज्ज्ञ बाईंनी टप्प्याटप्प्याने आनंदाने मान्य केले. सासूबाईंनी भिजवून मोड आणलेले वाल सोलत तासन्‌तास बसावे आणि मी त्यातले चार चमचे खावे, हा व्यवहार मला फार विषम वाटे. त्यांना तसा तो वाटत नसावा, कारण वाल सोलणे त्यांनी कधी थांबवले नाही.

पोळी आणि भात मात्र बराच काळ माझे शत्रू झाले होते. नीट न चावलेल्या पोळीचा आत गोळा होतो आणि तो त्या अरुंद नळीच्या तोंडाशी अडकून बसतो. हे मी वाचले होते, पण अनुभव आला तो सहाव्या महिन्यात, नात्यातल्या एका लग्नात. पंगतीत डावीकडे मावससासूबाई, समोर वाढपी, आणि सगळ्यांचे लक्ष माझ्या पानाकडे; आपण अगदी पूर्वीसारख्या आहोत हे दाखवण्याच्या नादात मी दोन घास भराभर गिळले. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखे झाले, तोंडात चिकट लाळ भरून येऊ लागली, आणि पुढची ४० मिनिटे मी मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूच्या बेसिनपाशी पैठणीचा पदर खोचून उभी होते. नवरा दाराशी पहारा देत होता. नंतर एका बाईंनी अत्यंत प्रेमाने माझ्या सासूबाईंना विचारले, "काही गोड बातमी?"

आग्रहाविषयी थोडे लिहायला हवे. आपल्याकडे पाहुण्याने नको म्हणायचे आणि यजमानाने वाढायचे, हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ आहे. त्यात 'नको'चा अर्थ नको असा नसतोच. माझा 'नको' खराच नको होता, आणि तो खरा आहे हे समोरच्याला पटवण्यासाठी एकतर सगळी हकिगत सांगावी लागे किंवा उर्मट व्हावे लागे. हकिगत सांगितली की "म्हणजे शॉर्टकट मारलास" असे ऐकावे लागे, न सांगितली तर "शुगर फार वाढली आहे का गं, किती उतरलीस" असे. दोन्हींपैकी मी पहिले निवडले. त्याचे कारण धैर्य वगैरे नसून, थापा लक्षात ठेवण्याचा मला आलेला कंटाळा हे होते. हळदीकुंकवाला जाताना मी आता लहान झाकणाचा डबा बरोबर नेते आणि देतील ते त्यात घेते. बहुतेक घरांत हे चालते, कारण वाढणारीचे समाधान वाढण्यात असते, खाताना पाहण्याइतका वेळ तिच्याजवळ नसतो.

केस गळण्याबद्दल सगळ्या जणी विचारतात म्हणून सांगते: तिसऱ्या महिन्यानंतर मूठमूठ गळले, आठव्या महिन्यापासून थांबले, आता कपाळावर नवे बारीक केस ताठ उभे असतात. दंडांची कातडी लोंबते आणि ती व्यायामाने पूर्ववत होणार नाही. शेअर रिक्षात मागच्या सीटवर तिसरी म्हणून बसताना आधीचे दोघे आता एकमेकांकडे पाहत नाहीत. मधुमेहाची एक गोळी बंद झाली, दुसरी निम्म्यावर आली, आणि रात्रीचे मशीन माळ्यावर गेले.

माझी खरी परीक्षा वजन उतरताना झाली नाही, ती नवव्या-दहाव्या महिन्यात झाली, जेव्हा भुकेसारखे काहीतरी परत येऊ लागले. भूक निराळी, खा-खा निराळी, वखवख निराळी, आणि जिभेचे चोचले तर सर्वस्वी निराळे, एवढे शब्द आपल्या भाषेत तयार असताना मी आयुष्यभर या सगळ्यांना भूक या एकाच नावाने हाक मारत आले होते. कार्यालयात साहेब बोलले की चिवडा लागायचा, ती भूक नव्हती. रविवारी दुपारी घर झोपलेले असताना फ्रीज उघडून नुसते उभे राहणे, ही तर नक्कीच भूक नव्हती. जठर कापून ही सवय कापली जात नाही. उलट चिवडा, वेफर्स, आइस्क्रीम असे पदार्थ त्या नळीतून कुठेही न अडकता सहज उतरतात, पौष्टिक अन्न अडते आणि नको ते सरकते, ही या शस्त्रक्रियेची थट्टाच म्हणायची. त्या दोन महिन्यांत माझे वजन एक किलोही उतरले नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी एक वही घालायला लावली: काय खाल्ले, किती वाजता, आणि त्याआधी काय घडले होते. तिसरा रकाना भरताना मला लाज वाटायची, म्हणूनच बहुधा त्याचा उपयोग झाला. शिवाय पोटात गुरगुरले की आधी थोडे पाणी प्यायचे आणि १५ मिनिटे थांबायचे, असा नियम होता, कारण स्लीव्हनंतर आम्लपित्त पुष्कळांना होते आणि ते हुबेहूब भुकेसारखे भासते. त्या १५ मिनिटांत मी कचराळी तलावाला फेऱ्या मारत असे. बहुतेक वेळा दुसरी फेरी संपेपर्यंत 'भूक' निघून गेलेली असायची.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी मी जांभळी नाक्यावर भाजी घेत होते. मेथीची जुडी पारखत असताना पोटातून असा काही आवाज आला, की भाजीवाल्या मावशींनी वर पाहिले. मी बाटलीतले दोन घोट पाणी प्याले आणि तलावपाळीच्या कडेने चालू लागले. त्या दिवशी कार्यालयात कुणी काही बोलले नव्हते, घरी कटकट नव्हती, वडे तळल्याचा वास आला तरी पाय तिकडे वळले नाहीत, आणि तरीही पोटातले ते पोकळ, खाली ओढणारे, जुने ओळखीचे काहीतरी कमी होत नव्हते. मला वडा नको होता, चिवडाही नको होता. काहीही चालले असते. कोंडासुद्धा. १५ मिनिटे झाली, २० झाली, मी कोपिनेश्वरापाशी चपला काढून हात जोडले, पुन्हा घातल्या, आणि तरी ते होतेच.

घरी पोहोचले तेव्हा सासूबाई पंख्याखाली बसून दुसऱ्या दिवशीसाठी वाल सोलत होत्या.

"आई, मला भूक लागली आहे," मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या. मीच वाढून घेते, असे म्हणायला मला त्यांनी अवधी दिला नाही. सकाळची सुरमईची एक तुकडी आणि मऊ भात त्यांनी गरम केला, नेहमीच्या लहान वाटीत वाढला, आणि सवयीने भांड्यात पाणी ओतू लागल्या ते मध्येच थांबल्या. मी सावकाश, प्रत्येक घास मोजून चावत खाल्ले; सहाव्या घासाला थांबावे लागले, अर्धी तुकडी राहिली. मग वही काढून लिहिले: ७.१०, सुरमई आणि भात, अर्धी वाटी. तिसरा रकाना मी कोरा ठेवला.