आधी काम बेता, मग को-ऑपचा विद्यार्थी बोलवा

ऑन्टारिओत वर्कशॉप किंवा छोटं डिझाइन ऑफिस चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहोत. वॉटर्लू विद्यापीठाची मुलं हुशार असतात हे सगळेच सांगतात. पण त्यांना को-ऑपमध्ये, म्हणजे शिक्षणाचाच भाग असलेल्या पगारी कामावर, चार महिन्यांसाठी घेताना नेमकं काय करायचं आणि काय चुकतं, हे कुणी नीट सांगत नाही.

'एखादं पोर घेऊ, पडेल ते काम देऊ' या हिशेबानं को-ऑपची जाहिरात टाकली, तर चार महिने दोघांचेही फुकट जातात. अभ्यास आणि प्रत्यक्ष काम आळीपाळीनं करण्याची ही पद्धत हर्मन श्नायडर यांनी 1906 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात सुरू केली. वॉटर्लूनं 1957 पासून, म्हणजे विद्यापीठाच्या जन्मापासूनच, तिच्यावर इंजिनिअरिंगचं शिक्षण उभं केलं. तिथे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला को-ऑप करावंच लागतं आणि कामाचे महिने पदवीत धरले जातात. त्यामुळे विद्यार्थी तुमच्याकडे येतो तो शिकण्याजोगं, पुरं होण्याजोगं काम मागायला. ते तयार नसेल तर त्याला ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

वेळ मोजून पाहा. सोळा आठवडे, आठवड्याला साडेसदतीस तास, म्हणजे 600 तास. पहिले दोन आठवडे ओळख, सुरक्षा-प्रशिक्षण आणि तुमची फाइल-पद्धत समजून घेण्यात जातात. शेवटचा आठवडा काम हस्तांतरित करण्यात जातो. उन्हाळ्यात व्हिक्टोरिया डे आणि कॅनडा डे या सुट्ट्या वजा करा. हाती तेरा आठवड्यांच्या आत-बाहेरच राहतात. त्यात 'आमची सगळी ड्रॉइंग्ज सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये आणा' हे मावणार नाही. 'या पंपाच्या चाचणीसाठी जिग (नग पक्का धरून ठेवणारी चौकट) डिझाइन करून, बनवून, त्यावर वीस नग तपासून दाखवा' हे मावेल. कामाला टोक हवं: सोळाव्या आठवड्यात टेबलावर काय दिसायला हवं, ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. ते वाक्य जमलं नाही तर जाहिरात टाकूच नका.

जाहिरातीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे अपेक्षांची वीस कलमी यादी. ऑटोकॅड, पीएलसी, पायथन, वेल्डिंगचं ज्ञान आणि वर 'उत्तम संवादकौशल्य'. चांगला विद्यार्थी ती वाचून पुढे सरकतो, कारण काम काय आहे ते त्यात कुठेच नसतं. वर सांगितलेलं वाक्य पहिल्या ओळीत टाका. खाली कोणती यंत्रं हाताळायला मिळतील, कुणाच्या हाताखाली काम असेल आणि ताशी पगार किती, हे लिहा. पदाच्या नावात 'इंजिनिअर' हा शब्द वापरू नका. ऑन्टारिओत तो परवानाधारकांसाठी राखीव आहे. 'मेकॅनिकल डिझाइन विद्यार्थी' म्हटलं की झालं. ड्रॉइंगवर सही-शिक्का लागणार असेल तर परवानाधारक इंजिनिअरची देखरेख आधी ठरवा.

विद्यार्थी निवडताना 1ए, 2बी हे आकडे नीट पाहा. 1ए म्हणजे पहिल्या वर्षाचं पहिलं सत्र, 2बी म्हणजे दुसऱ्या वर्षाचं दुसरं. 2बी संपवलेल्याच्या गाठीशी साधारण दोन-तीन वर्क टर्म (कामाची चार महिन्यांची सत्रं) असतात. 1ए नुकतंच संपवलेल्याची ती पहिलीच नोकरी असते, आणि वय कधीकधी सतराच असतं. हाताशी शिकवायला माणूस असेल तर पहिल्या वर्षाचा जरूर घ्या. नसेल तर घेऊ नका, त्याच्यावर अन्याय होतो.

वर्षात तीन वर्क टर्म असतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबरपासून. मेसाठी जाहिरात जानेवारीत, सप्टेंबरसाठी मेमध्ये, जानेवारीसाठी सप्टेंबरमध्ये टाकावी लागते. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांना मेसाठी उरलेल्यांतून निवड करावी लागते. त्यांतही चांगली मुलं असतात, पण कमी.

आता जुळणीचा भाग. नवीन कंपन्या इथेच गोंधळतात. पहिल्या फेरीत मुलाखती झाल्या की वॉटर्लूवर्क्स या पोर्टलवर तुम्ही क्रमांक देता. 1 म्हणजे ऑफर, 2 ते 9 म्हणजे उतरत्या क्रमानं पसंती. तुमची ऑफर आहे की नुसता क्रमांक आहे, एवढंच विद्यार्थ्याला दिसतं. मग तो तुम्हाला क्रमांक देतो. दोन्ही क्रमांकांची बेरीज जितकी कमी, तितकी जोडी जुळण्याची शक्यता जास्त. समजा, तुमची ऑफर मिळालेल्यानं तुम्हाला 4 दिला, तर बेरीज 5. तुम्ही 2 दिलेल्या मुलीनं तुम्हाला 1 दिला, तर बेरीज 3. बाकी कुणी आड आलं नाही तर तीच तुमच्याकडे येते. एकदा जुळलं की दोन्ही बाजूंना ते बांधील असतं. म्हणून 'असू दे, आठवा क्रमांक देऊन ठेवू' असं करू नका. जो नको आहे त्याला क्रमांकच देऊ नका, नाहीतर तोच दारात उभा राहील. एका जागेसाठी तिघांचीच मुलाखत घेणंही धोक्याचं आहे. वरच्या तिघांकडे इतरांच्याही ऑफर असतात. सहा ते आठ जणांशी बोला.

पैशांचा हिशेब उदाहरणानंच करू. ताशी 26 डॉलर धरले तर 600 तासांचे 15,600 डॉलर होतात. कंपनीच्या वाट्याचे सीपीपी (पेन्शन), ईआय (बेरोजगारी विमा) आणि लागू असेल तर डब्ल्यूएसआयबी (कामावरच्या अपघाताचा विमा) वेगळे. ऑन्टारिओच्या को-ऑप कर-सवलतीत पात्र खर्चाच्या 25 टक्के मिळतात आणि एका प्लेसमेंटला कमाल 3,000 डॉलर. आदल्या वर्षीचा एकूण पगारखर्च 4 लाख डॉलरपर्यंत असलेल्या छोट्या कंपनीला 30 टक्के. वरच्या रकमेचे 25 टक्के 3,900 होतात, पण हाती 3,000 येतात. प्लेसमेंट सलग किमान दहा आठवड्यांची हवी. विद्यापीठाचं प्रमाणपत्र जपून ठेवा आणि दावा कंपनीच्या कर-विवरणात शेड्यूल 550 वर करा.

केंद्राची विद्यार्थी वेतन-अनुदान योजना वेगळी. तिच्यात पगाराच्या 50 टक्के, कमाल 5,000 डॉलर मिळतात. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, इंजिनिअरिंगमधल्या मुली, नवे स्थलांतरित अशा काही गटांसाठी 70 टक्के, कमाल 7,000. हे पैसे आयसीटीसी, ईसीओ कॅनडा, मॅग्नेट अशा संस्थांमार्फत येतात आणि संपूही शकतात. विद्यार्थी रुजू होण्याआधी अर्ज करा. दोन्ही सवलती घेतल्या तर अनुदान पात्र खर्चातून वजा होतं: 15,600 वजा 5,000 म्हणजे 10,600, त्याचे 25 टक्के 2,650. दोन्हींच्या पूर्ण रकमा जोडून बजेट मांडणारे इथे फसतात.

पुण्या-मुंबईहून शिकायला आलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी केंद्राच्या या अनुदानाला पात्र नाहीत. त्यासाठी नागरिकत्व, कायम निवास किंवा संरक्षित दर्जा लागतो. प्रांताची कर-सवलत मात्र विद्यार्थ्याच्या नागरिकत्वावर अवलंबून नाही. म्हणून फक्त अनुदानासाठी आपल्याकडच्या गुणी मुलाला डावलू नका. तात्पुरत्या रहिवाशाचा सिन (सोशल इन्शुरन्स) क्रमांक 9 ने सुरू होतो आणि त्याला मुदत असते. ती, आणि काम करण्याची परवानगी, पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

पहिल्या दिवसाआधी लॅपटॉप, कॅडचा परवाना, सर्व्हरचं खातं, सेफ्टी शूज आणि चष्मा तयार ठेवा. कॅडच्या परवान्याविना दहा दिवस म्हणजे 75 तास, वरच्या दरानं 1,950 डॉलर. सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण आणि रसायनं असतील तर डब्ल्यूएचएमआयएस (घातक रसायनं हाताळण्याचं प्रशिक्षण), हे को-ऑपच्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. टीडी1 हा कराचा फॉर्म भरून घ्या. अठरा पूर्ण नसतील तर सीपीपी कापायचा नाही.

देखरेखीचा माणूस एकच असावा आणि मालकानं तो स्वतः असण्याचा हट्ट धरू नये. मालक साइटवर असतो आणि विद्यार्थी शंका घेऊन थांबून राहतो. पहिले तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं, पुढे आठवड्याला अर्धा तास, एवढं पुरतं. रोजची नोंद वहीत ठेवायला सांगा, म्हणजे तो गेल्यावर जिगचे आकडे शोधत बसावं लागणार नाही.

शेवटी विद्यापीठाच्या मूल्यमापनात 'असमाधानकारक' ते 'असामान्य' अशी श्रेणी द्यायची असते. सगळ्यांना सरसकट वरची श्रेणी देऊ नका, पुढच्या कंपन्या ती पाहतात. आणि मूल पुन्हा हवं असेल तर हे सोळाव्या आठवड्यात सांगू नका. चार महिने वर्गात बसून तो पुन्हा मोकळा होईल, तेव्हाचं काम आताच बेतून अकराव्या-बाराव्या आठवड्यात त्याच्यापुढे ठेवा.