वस्तीतल्या कामाला पैसा: आधी कोणता, मागून कोणता

ताडीवाला रस्ता, कासेवाडी, जनता वसाहत, येरवड्याचं लक्ष्मीनगर. पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह, ड्रेनेज किंवा अभ्यासिका करायचं ठरलं की पहिली चर्चा ‘फंड कोण देणार’ याची होते. ती तिसरी व्हायला हवी. त्याआधी जागा कोणाची आणि काम झाल्यावर महिन्याचा खर्च कोण भरणार, ही दोन उत्तरं कागदावर हवीत. ती नसतील तर मिळालेला पैसाही परत जातो, आणि वस्तीचा विश्वास त्याच्याबरोबर जातो.

जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका किंवा तलाठ्याकडून सात-बारा काढा. वस्ती रेल्वेच्या, संरक्षण खात्याच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर असेल तर त्या खात्याचं ना-हरकत पत्र नसताना महापालिका तिथे पक्कं बांधकाम करत नाही. वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे का, विकास आराखड्यात त्या तुकड्यावर आरक्षण आहे का, नदीकाठी असेल तर जागा निळ्या पूररेषेच्या (जिच्या आत बांधकामाला मनाई असते) आत येते का, हेही बघावं लागतं. एक गोष्ट हमखास राहून जाते: झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणात त्या वस्तीचा प्रस्ताव दाखल आहे का, याची चौकशी. असेल तर ‘उद्या पाडायचंच आहे’ म्हणून देणगीदार मागे सरकतात. अशा ठिकाणी पक्क्या इमारतीचा हट्ट सोडून पाण्याची लाइन, दिवे, घरातली शौचालयं अशी कामं धरावीत. प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. तोवर माणसांनी गैरसोयीत का राहावं?

आता महिन्याचा खर्च. ३०० लोकांच्या वस्तीचं उदाहरण घेऊ, म्हणजे साधारण ६० कुटुंबं. स्वच्छ भारत अभियानाचं प्रमाण ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असं आहे. निम्मे-निम्मे धरले तर पुरुषांना ५ आणि बायकांना ६, एकूण ११ सीट. दोन वेळच्या सफाईचे ८,०००, वीज १,५००, फिनेल-झाडू-ब्रश १,५००, दारं-कड्या-नळांची दुरुस्ती २,०००, तुंबलेली लाइन काढायला सरासरी १,०००. महिन्याला झाले १४,०००, म्हणजे घरटी २३३ रुपये. हातावर पोट असलेल्या घराला ते जड जातात. सफाई महापालिकेने करायचं लेखी मान्य केलं तर ६,००० उरतात. इथे १०० रुपये वर्गणी ठरवून सगळे खूश होतात, आणि चूकही इथेच होते, कारण ती शंभर टक्के कधीच जमत नाही. ८० टक्के वसुली धरा आणि १२५ रुपये ठेवा: ६० घरं, १२५ रुपये, ८० टक्के, बरोबर ६,०००. विधवा किंवा आजारी माणसाच्या घराची सूटही त्यातच बसवा. ती कोणाला द्यायची हे बायकांच्या बैठकीत ठरलं तर भांडणं कमी होतात.

एवढं झालं की मग बांधकामाचा पैसा. एकाच कामाला दोन-तीन ठिकाणांहून निधी येणार असेल तर रकमेची टक्केवारी वाटून घेऊ नका, काम वाटून घ्या. जमिनीखालचं सगळं महापालिकेकडे द्या: ड्रेनेज लाइन, चेंबर, नळजोड, बाहेरचं काँक्रीट. जमिनीवरचं सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीकडे: भिंती, स्लॅब, फरशा, भांडी, दारं, टाकी. वीजमीटर आणि देखभाल वस्तीकडे. असं केलं नाही तर एकच बाब दोन बिलांत दिसते, लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि दोन्हीकडचे शेवटचे हप्ते अडकतात.

महापालिकेच्या पैशाचा हक्काचा दरवाजा म्हणजे नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. पुण्यात हे २००६ पासून चालू आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि एका कामाला ५ लाखांपर्यंत मर्यादा. अर्जात ‘वस्तीत ड्रेनेजची सोय करावी’ असं मोघम लिहू नका. कुठल्या घरापासून कुठल्या चेंबरपर्यंत, किती मीटर, किती व्यासाचा पाइप, हे लिहा आणि अर्ज देण्याआधी कनिष्ठ अभियंत्याला जागेवर नेऊन डीएसआरच्या (सरकारी दरसूचीच्या) दराने अंदाज काढून घ्या. मोठ्या कामासाठी नगरसेवकांची ‘स’ यादी (त्यांनी सुचवलेल्या कामांची बजेटमधली तरतूद) किंवा आमदार निधी. दलित वस्ती सुधारणेचा स्वतंत्र शासकीय निधीही असतो. तो बघायचा राहून जातो. मात्र बजेटच्या पुस्तकात नाव आलं म्हणून निश्चिंत राहू नये. निविदा निघेपर्यंत वर्गीकरणात, म्हणजे तरतुदींच्या फेरवाटपात, तोच पैसा दुसऱ्या कामाला वळू शकतो. एप्रिलपासून दर महिन्याला फाइल कुठे आहे ते विचारत राहावं लागतं, आणि हे काम एकट्या अध्यक्षावर टाकू नये.

सीएसआरचा कायदा नीट वाचला तर बरीच दारं उघडतात. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. झोपडपट्टी क्षेत्राचा विकास हा विषय सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेला आहे. पण पैसा घेणाऱ्या संस्थेकडे आयकर कायद्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, कंपनी खात्याकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. वस्तीतल्या मंडळाकडे हे सहसा नसतं. म्हणून जुनी संस्था बरोबर घ्यावी, पण करार त्रिपक्षीय करावा. मंडळाची सही नसलेल्या करारात वस्तीचं मत कोणी विचारत नाही.

‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही,’ हे कंपनीकडून ऐकायला मिळेल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. साइट इंजिनिअर, वस्तीत घरोघरी फिरणारी कार्यकर्ती, देखरेख हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे आणि तो अंदाजपत्रकात वेगळ्या ओळी घालून मागावा. कार्यकर्तीचा पगार काटला की वर्गणीची घडी बसत नाही, आणि वर्षभरात नवं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं.

प्रस्ताव एप्रिल ते जुलैमध्ये द्यावा. जानेवारीत कंपन्यांना ३१ मार्चपूर्वी पैसा संपवायची घाई असते, आणि दोन महिन्यांत स्लॅब पडून फरशा बसत नाहीत. उशीर झालाच तर संचालक मंडळाकडून काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. मग न वापरलेली रक्कम कंपनी आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते आणि ती पुढची तीन वर्षं वापरता येते.

सगळ्यात जास्त कामं हप्त्यांवर रखडतात. २० लाखांचं काम आणि ४०-४०-२० असे हप्ते धरा. पाया, कॉलम, स्लॅब होईपर्यंत निम्म्याहून जास्त खर्च होतो, आणि दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) तपासल्यावरच सुटतो. मधल्या दिवसांत ठेकेदार माणसं हलवतो आणि पावसाळा येतो. म्हणून करारातच ५०-३०-२० मागा आणि प्रमाणपत्र देण्याची अट ‘पहिल्या हप्त्याचे ८० टक्के खर्च झाल्यावर’ अशी ठेवा. ही फट भरायला सावकाराकडे जाऊ नका. त्याचं व्याज कुठल्याच अनुदानात बसत नाही. अंदाजपत्रकात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का ते पाहा, आणि बिलाच्या ५ टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गळती आणि उलटा ढाळ पहिल्या जोरदार पावसातच कळतात.

वस्तीचा स्वतःचा वाटा मागायला काहींना संकोच वाटतो. येरवड्यात बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेखाली जागच्या जागी घरं बांधली गेली तेव्हा ३ लाखांच्या घरामागे कुटुंबाचा वाटा १० टक्के होता. दहा टक्के भरलेलं माणूस नकाशा बघायला येतं, सिमेंटची पोती मोजतं, ठेकेदाराला जाब विचारतं.

देखभालीचं बँक खातं भूमिपूजनाच्या आधी उघडा. तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन चालतील, त्या तिन्ही वापरणाऱ्या बायकांच्या असाव्यात, आणि काम सुरू होण्यापूर्वी घरटी तीन महिन्यांचे ३७५ रुपये त्यात जमा व्हावेत. निम्म्या घरांनीही भरले नाहीत तर भूमिपूजन पुढे ढकला आणि पुन्हा घरोघरी जा. सीटची संख्या, जागा किंवा दाराचं तोंड यातलं काहीतरी लोकांना पटलेलं नसतं, आणि नकाशा बदलायला अजून एक पैसाही लागत नाही.