‘एक कडी काढू, अजून चालेल’: चेनसेट बदलतानाचा माझा अनुभव

चार महिन्यांत तीनदा बाईक गॅरेजला लावली आणि तिन्ही वेळा जॉबकार्डवर एकच ओळ लिहून आली, ‘चेन अ‍ॅडजस्ट केली’. चौथ्या वेळी अ‍ॅडजस्टरला (मागचं चाक मागे ओढून चेन ताणणाऱ्या स्क्रूला) मागे सरकायला जागाच उरली नव्हती. तेव्हा काउंटरवरून सांगितलं गेलं, ‘सर, एक कडी काढून टाकू, अजून पाच हजार किलोमीटर आरामात चालेल.’ या एका वाक्यात माझे दोन आठवडे गेले. नवा सेट (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट) बसवायला तासभर पुरला. त्यामुळे या लिखाणात बसवण्याबद्दल थोडं आणि त्या एका कडीबद्दल जास्त आहे.

गाडी दीडशे सीसीची, साधी ४२८ची चेन (४२८ हा चेनच्या मापाचा नंबर), ११८ कड्या. रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी. मीटरवर १६,४०० किलोमीटर. ‘वीस हजार झाल्याशिवाय चेन बदलत नाहीत’ हेही ऐकून झालं. किलोमीटरवर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीची चेन बारा हजारांत जाते आणि दुसरीची पंचवीस हजार काढते. धूळ किती, तेल किती वेळा, ताण बरोबर आहे का, यावर सगळं ठरतं.

आपण ‘चेन ताणली’ म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती एका बुशमध्ये, म्हणजे बारीक नळीत, फिरते. तिथलं तेल सुकलं आणि आपल्याकडची बारीक धूळ आत गेली की पिन आणि बुश एकमेकांवर घासत राहतात. एका सांध्यात झीज पाव मिलीमीटरही नसते, पण सांधे ११८ असतात. सगळ्यांची झीज मिळून चेन लांब होते.

आता त्या कडीचा हिशोब. ४२८च्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर १२.७ मिमी. चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची, असा क्रम असतो, त्यामुळे काढायची तर जोडीच काढावी लागते. म्हणजे २५.४ मिमी. माझ्या चेनची नवी असतानाची लांबी ११८ गुणिले १२.७, म्हणजे जवळपास १४९९ मिमी. जोडी काढल्यावर चाक पुन्हा पहिल्या दिवसाच्या जागेवर येऊन बसत असेल, तर चेन २५.४ मिमी लांब झालेली आहे. ही १.७ टक्के झीज झाली. ४२८साठी मॅन्युअलमध्ये दिलेली शेवटची मर्यादा सहसा दोन टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे जोडी काढण्याइतकी जागा तयार झाली, यातच चेन संपत आल्याचा पुरावा आहे. जो हिशोब चेन बदलायला सांगतो, त्याच्याच आधाराने ती आणखी पाच हजार चालवायला सांगितली जात होती. मला राग आला तो याचा.

कडी काढल्याने चेनची एकूण लांबी कमी होते, पण उरलेल्या ११६ कड्यांपैकी एकही बरी होत नाही. माझ्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर सरासरी १२.९ मिमीच्या आसपास गेलं होतं. स्प्रॉकेटचे दात मात्र १२.७च्या हिशोबाने कापलेले असतात. मग रोलर (बुशवर फिरणारी बाहेरची नळी) दाताच्या खोबणीत तळाशी बसत नाही, दातावर वर चढतो. जो भार सहा-सात दातांनी वाटून घ्यायचा, तो एक-दोन दातांवर येतो. दात एका बाजूने घासून विळ्यासारखे वाकतात. पुढचा स्प्रॉकेट लहान, त्याचा प्रत्येक दात मागच्यापेक्षा जवळपास तिप्पट वेळा चेनखाली येतो, म्हणून तो आधी जातो. आणि तोच कव्हरच्या आत लपलेला असतो, म्हणून कोणी बघत नाही.

याहून वाईट सल्ला म्हणजे अर्धी कडी. जोडी काढल्यावर चेन फार तोकडी पडली तर वाकड्या बाजूपट्ट्यांची एक कडी घालून ती पुरी करतात. त्या कडीवर ताण सरळ जात नाही आणि चेन तुटली तर बहुधा तिथेच तुटते. पुणे हायवेवर मागे उसाची डबल ट्रॉली आणि आपली चेन तुटून मागचं चाक जाम झालं, तर काय होईल ते सांगायला नको. ही जोडणी करू देऊ नका, फुकट करून देत असले तरी नको.

मग मी तोंडी वाद सोडला आणि मोजमाप केलं. तुम्हीही हेच करा, कारण ‘आवाज येतोय’ म्हटलं की कोणी ऐकत नाही आणि आकडा दाखवला की ऐकावंच लागतं. ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या, शिंप्याचा टेप नको. इंजिन बंद, किल्ली खिशात. चेनकव्हर काढा, चेन पुसून घ्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढच्या दिशेला दाबून धरा, म्हणजे चेनची खालची बाजू ताणली जाते. एकजण चाक धरायला लागतोच. एका पिनच्या डाव्या कडेपासून मोजायला सुरुवात करा आणि एकविसाव्या पिनच्या डाव्या कडेवर थांबा. मधे २० कड्या येतात. नव्या चेनला हे अंतर २५४ मिमी. एक टक्का झिजली तर २५६.५, दोन टक्के झाली तर २५९.

पिना २१ मोजायच्या, २० नाही. पहिल्यांदा माझं माप २४५ आलं आणि चेन नवीपेक्षा आखूड कशी, म्हणून मी बसून राहिलो. एक पिन कमी मोजली होती.

चाक फिरवून चार ठिकाणी माप घ्या आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. माझे आकडे २५७, २५८, २५८.५ आणि २५७.५ आले. दोन टक्के पुरे व्हायची वाट बघू नये असं माझं मत आहे. २५७.५च्या वर गेली की सेट आणावा, कारण तिथून पुढे झीज भराभर वाढते आणि स्प्रॉकेटही सोबत खाते.

तीनदा टाईट करूनही चेन का राहिली नाही, हेही या चार आकड्यांत होतं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. डबल स्टँडवर चाक हळूहळू फिरवत खालच्या बाजूच्या मध्यावर ढील (चेन वर-खाली किती हलते ते) मोजली, तर एका ठिकाणी २० मिमी आणि अर्ध्या फेऱ्यानंतर ४५ मिमी. मॅन्युअल २० ते ३० सांगत होतं. गॅरेजमध्ये जिथे ढील दिसली तिथेच चेन टाईट केली जायची, मग घट्ट जागा आल्यावर ती तारेसारखी ताठ व्हायची. ताठ चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं आणि मागच्या चाकाचं बेअरिंग खाते, वर स्वतःही लवकर झिजते. ढील कायम सगळ्यात घट्ट जागेवर लावायची. एका फेऱ्यात दोन जागांमध्ये इतका फरक पडत असेल, तर अ‍ॅडजस्टर फिरवून काही होत नाही, ती चेन गेलेली आहे.

मोजायची पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या एकदम मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढा. नवी चेन जेमतेम हलते. अर्धा दात उघडा दिसला, तर पुढचं काही मोजायची गरज नाही.

हे आकडे कागदावर लिहून नेले, तेव्हा सेट बदलायला होकार मिळाला. पण ‘फक्त चेन टाकू, स्प्रॉकेट चांगले आहेत’ हा दुसरा मुद्दा निघालाच. तिन्ही वस्तू एकदम बदला: चेन, पुढचा आणि मागचा स्प्रॉकेट. वाकड्या दातांवर नवी चेन टाकली तर ती दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये जुन्यासारखी होते. उलट, जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट टाकले तर स्प्रॉकेट जातात. चेन-स्प्रॉकेटचा खर्च अर्धा वाचवायला गेलात तर थोड्याच दिवसांत पूर्ण खर्च पुन्हा करावा लागतो.

दुकानात खोकं उघडून बघा. जुन्या स्प्रॉकेटचे दात मोजून जा, नव्याचे दुकानातच मोजा. पुढे एक दात कमी-जास्त झाला तरी पिकअप, अ‍ॅव्हरेज सगळं बदलतं. ४२८ आणि ४२८एच यांच्यात पिनांमधलं अंतर सारखंच, पण एचच्या बाजूपट्ट्या जाड असतात. म्हणून एकीचं लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) दुसरीला लावू नका. सेटमध्ये नवं लॉक नसेल तर तो सेटच घेऊ नका, जुनं लॉक परत वापरायचं नसतं.

बसवणं सोपं आहे, फक्त क्रम पाळा. पुढच्या स्प्रॉकेटला मोठा नट असेल तर तो जुनी चेन असतानाच, मागचा ब्रेक दाबून सैल करा. चेन काढल्यावर स्प्रॉकेट नुसता फिरत राहतो. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. क्लिप बसल्याचा ‘टक्’ आवाज यायला हवा आणि ती दोन्ही पिनांच्या खाचेत बसलेली डोळ्याने दिसायला हवी. मी टॉर्च लावून बघितली.

मागचा स्प्रॉकेट काढलाच आहे तर हबमधले रबर काढून बघा. कडक झाले असतील किंवा स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे खडखडत असेल तर तेही बदला, नाहीतर नव्या चेनला प्रत्येक गिअरला झटका बसत राहील. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्विंगआर्म जिथे फ्रेमला जोडलाय तिथून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. अंतर सारखं असेल तर चाक सरळ आहे.

तेलाचं राहिलंच. ऑइल साध्या चेनला दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. गाडी चालवून आल्यावर चेन गरम असताना, खालच्या बाजूच्या आतून, रोलर आणि बाजूपट्टीच्या फटीत ९० नंबरचं गिअर ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांसोबत रस्त्यावर काळी माती येते, तेव्हा तीनशेवरच बघावं. रॉकेल आता सहज मिळत नाही, साध्या चेनला धुवायला डिझेल चालतं. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही लांब ठेवा. कड्यांमधले रबर फाटले की आतलं ग्रीस जातं आणि ते परत भरता येत नाही.

चेनला तेल घालताना किंवा पुसताना इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये गेलं की बोटंही जातात. चाक हातानेच फिरवा.

नव्या चेनची ढील पहिल्या पाचशे किलोमीटरला एकदा लावून घ्या, सांधे बसताना ती थोडी सुटतेच. माझी अकराशे झाली आहे, पाचशेला अ‍ॅडजस्टर दोन्ही बाजूंना अर्धा फेरा फिरवला, त्यानंतर हात लावावा लागलेला नाही. २० कड्यांचं माप आजही २५४ आहे आणि ते तारखेसह टाकीखालच्या डब्यातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.