कितवी स्कीम?

नाशिकच्या सिडकोत कुणाचं घर शोधायचं असेल तर नुसतं आडनाव सांगून भागत नाही. पाटील म्हटलं की अर्ध्या गल्लीची दारं उघडतात. म्हणून समोरचा आधी विचारतो, "कितवी स्कीम?" पहिली ते सहावी, यातली एक सांगायची. मग चौक: पवननगर, उत्तमनगर, सावतानगर, त्रिमूर्ती. शेवटी 'एन'नं सुरू होणारा घराचा नंबर. तेवढं पाठ असेल तर पोस्टमन नवा असला तरी पत्र पोचतं.

कागदोपत्री या भागाचं नाव नवीन नाशिक. महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या पाटीवर तेच आहे आणि बहुधा तिथंच आहे. रिक्षावाल्याला 'नवीन नाशिक' म्हणून बघा, तो तुम्हाला पाहुणा समजेल. नवी मुंबई वसवायला १९७० साली स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाचं नाव नाशिकच्या एका उपनगराला असं चिकटलंय की लहान मुलांना त्याचा दुसरा काही अर्थ असेल हेही ठाऊक नसतं.

आधी सातपूरला एमआयडीसी आली, मग अंबडला. मायको, महिंद्र आणि त्यांच्या भोवतीचे असंख्य छोटे वर्कशॉप. तिथं तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसांना जुन्या नाशकातले वाडे परवडणारे नव्हते आणि पुरणारेही नव्हते. तेव्हा मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडी या गावांच्या शिवारात महामंडळानं घरकुलं बांधायला घेतली. सहा योजनांत मिळून सुमारे २५ हजार. भिंतीला भिंत लागलेली, एका मापाची, बैठी. पुढं चार पावलांचं अंगण, मागं मोरी. १९८२ मध्ये नाशिकची महापालिका झाली तेव्हा या वस्तीचा रंगही धड वाळला नव्हता.

आज त्या एका मापाच्या घरांतली दोन सारखी शोधून दाखवा! आधी अंगणावर पत्रा पडला, मग त्याचं स्वयंपाकघर झालं, मग वर स्लॅब. जिन्याला आत जागाच नव्हती, तेव्हा तो लोखंडी जिना बाहेरून, थेट गल्लीतून चढला. नोटिशीत याला वाढीव बांधकाम म्हणतात, घरात 'वरची खोली'. कुठल्याही घरात विचारा, प्रत्येक मजल्याची तारीख पाठ असते: खालचं बोनसमधून, वरचं थोरल्याच्या लग्नाआधी, त्याच्या वरचं व्हीआरएसच्या पैशांत. नियोजनवाले या गल्ल्या बघून कपाळाला हात लावतात, आणि अग्निशमनची गाडी आत वळत नाही हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण दोन लेकरं वाढली की दीड खोलीतल्या माणसानं करायचं काय, हे नकाशात कुठं दाखवलं होतं? मला विचाराल तर मी वरच्या खोलीच्या बाजूचा. जिना मात्र दुसऱ्याच्या खिडकीवर काढू नये.

सिडकोत राहायला आलेली माणसं बरीचशी खान्देशातली. जळगाव, धुळे, इकडं बागलाण, कळवण. आयटीआय करून एक भाऊ यायचा, कंपनीत चिकटायचा, मग मेव्हण्याला बोलवायचा, मेव्हणा गावच्या मित्राला. त्यामुळं पवननगरच्या भाजीबाजारात भरताची वांगी निवडताना "कथा चालना भो?" (कुठं चाललास भाऊ?) असं अहिराणी ऐकू येतं, आणि हॉटेलांच्या पाट्यांवर शेवभाजी मिसळीच्या खांद्याला खांदा लावून उभी असते.

पण ही वस्ती खरी कळायची असेल तर नागपंचमीनंतरच्या रविवारी यावं. खान्देशच्या देवीचा, कानबाईचा दिवस. आठवडाभर आधीपासून घर धुऊन निघतं, अंथरूण-पांघरूण, डबे, सगळं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी दळतात. संध्याकाळी चौरंगावर नारळाची कानबाई बसते, नथ, दागिने, नवं वस्त्र लेऊन, आणि बाया रात्रभर अहिराणीत गाणी म्हणतात. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, शेजारी कितीही जवळचा असो. सोमवारी सकाळी ती डोक्यावरून निघते विसर्जनाला, पुढं वाजंत्री, आणि ज्या काकू एरवी गुडघ्यासाठी तेल चोळत बसतात त्या फुगडी घालतात. गावाकडं एका भाऊबंदकीची एक कानबाई बसते. इथं चार जिल्ह्यांतल्या भाऊबंदक्या एका गल्लीत, त्यामुळं पाच-सहा घरांच्या मिरवणुका एकमेकींना वाट देत निघतात.

आता नातवंडं पाथर्डी फाट्याला, इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहायला गेलीत. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. पण रोट खायला मूळ घरीच यावं लागतं, तेही सगळ्यांनी, एकाच रविवारी, प्रत्येकानं आपापली चारचाकी घेऊन. ज्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागायचं, तिथं त्या दिवशी सात गाड्या उभ्या असतात आणि वरच्या खोलीच्या जिन्यावरून आजोबा ओरडत असतात, "पांढरी गाडी कोनी शे रे? मांगे ले!" खाली सातपैकी पाच पांढऱ्याच असतात.