तुम्ही विचारलंत म्हणून: वरून दिसतं, तरी रानात कशाला?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. गेल्या दिवाळीत मावशीनंही विचारला, "उपग्रहातून सगळं बसल्या जागी दिसतं ना गं, मग दर वर्षी रानात कशाला जातेस?" वादळ, कीड, वणवा, दरड यांनी जंगलाचं काय होतं ते उपग्रहाच्या चित्रांवरून शोधायचं, हे माझं काम. दूरसंवेदन म्हणतात त्याला. मावशीला मी फणसाडच्या दोन उतारांची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगते.

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मुरूडजवळ डोंगरात फणसाड अभयारण्य आहे, एकेकाळचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. तिथे काय झालं ते जाऊन बघण्याची सोय नव्हती, कोरोनाचे दिवस होते. मी पुण्यात घरी बसून चित्रं उघडली.

सेंटिनेल-2 ही युरोपची उपग्रहांची जोडी. दर 5 दिवसांनी त्यांतला एक तरी त्याच जागेवरून जातो आणि 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद अशा चौकोनांत जमीन टिपतो. एका चौकोनात मोठ्या ऐनाचा एखादा डेरा मावतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरभरून परत पाठवतं. या दोहोंतल्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा काढायचा, आणि वादळाआधीचा आकडा नंतरच्याशी ताडून बघायचा.

आता हे ताडून बघणंच कोकणात अवघड. वादळ आलं जूनच्या सुरुवातीला आणि पाठोपाठ पाऊस. जूनमधल्या चित्रांत ढगांच्या फटीतून तुकडे दिसले तेवढेच. धड चित्र मिळालं ते पावसाळा सरल्यावर. ते 2019 च्या त्याच दिवसांशी जुळवावं, तर 2019 चा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळलेला, म्हणजे त्या वर्षीचं रान नेहमीपेक्षा उशिरापर्यंत ओलं आणि हिरवं. एकाच वर्षाशी तुलना केली असती, तर पानगळीचा फरक वादळाच्या माथी मारला गेला असता. म्हणून चार वर्षांची चित्रं लावली. नकाशा तयार झाला. समुद्राकडे तोंड असलेला एक उतार जूनच्या तुकड्यात करपल्यासारखा तपकिरी होता, तिथे मी 'मोठं नुकसान' लिहिलं. आतल्या बाजूची एक घळ हिरवीगार होती, तिथे 'नुकसान नाही'.

डिसेंबरात परवानगी मिळाली आणि आम्ही गेलो. समुद्राकडच्या उतारावर झाडं उभी होती. वाऱ्यानं पानं ओरबाडली होती, राहिलेली खाऱ्या तुषारांनी करपली होती, आणि पावसात पुन्हा पालवी फुटून सगळं भरून आलं होतं. काही शेंडे मोडलेले, बस.

मग घळीत उतरलो. पायवाट संपली तिथून पुढे कोयत्यानं रानमोडी नावाचं झुडुपी तण तोडत जावं लागलं, कारण ते डोक्याइतकं वाढलं होतं. मी पाय टाकला तो जमिनीवर पडलाच नाही, पडलेल्या बुंध्यावर पडला. पाल्याखाली झाडं आडवी पडली होती, एकावर एक. गारंबीच्या जाड वेलांनी दोन-दोन झाडं एकमेकांना बांधलेली, एक गेलं तसं दुसरंही ओढलं गेलेलं. मुळांशी मातीची भिंत उभी राहिली होती, माझ्याहून उंच. वर डेरा राहिला नव्हता, त्यामुळे ऊन थेट खाली आलं आणि एका पावसात वेली, झुडपं माजली. कोवळी पानं अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतात, त्यात उंच रानात असते तशी फांद्यांची सावलीही उरली नव्हती. म्हणून ती घळ माझ्या चित्रात आधीपेक्षा जास्त हिरवी होती.

मला तिथे रडू आलं, ते नकाशा चुकला म्हणून नव्हे. ते रान परत उभं राहायला दशकं लागतील, आणि कागदावर मी ते शाबूत म्हणून लिहून मोकळी झाले होते.

सोबतचे वनमजूर काका एका आडव्या खोडापाशी थांबले. "मॅडम, हा निसर्गात नाही गेला. हा त्याच्या आधीच्या पावसात गेला." त्याच्या बारीक काटक्या झडल्या होत्या, साल सुटली होती, मुळांवरची माती धुऊन गेली होती, आणि तो बाकीच्यांच्या उलट्या दिशेला पडला होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. कुठलं झाड कुठल्या वादळात गेलं हे मी तेव्हा काकांकडून शिकलेल्या खुणांवरून ओळखलं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. हिरवेपणाच्या आकड्यावर एकट्यावर विसंबत नाही, सावली किती आहे, पृष्ठभाग खडबडीत आहे की सपाट, हेही बघते. ढगांतून पार जाणारं रडारही वापरते. सेंटिनेल-1 च्या रडार लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, त्या वरच्या पानांत आणि काटक्यांतच अडकतात. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार हा उपग्रह गेला, इस्रो आणि नासाचा. त्याच्या एका रडारची लहर 24 सेंटिमीटरची आहे. ती पानांतून आत जाऊन फांद्या आणि बुंध्यांपर्यंत पोचते, आणि दर 12 दिवसांनी तीच जागा पुन्हा बघता येते. रानमोडीखाली उभा बुंधा आहे की आडवा, हे ओळखायला तिचा उपयोग होईल अशी मला फार आशा आहे.

पण त्या लहरीचा कुठला आकडा म्हणजे आडवा बुंधा, हे आधी कुणीतरी आडव्या बुंध्यापाशी उभं राहून लिहून आणायला हवं. त्यासाठी जाते, मावशी. या डिसेंबरात परत त्याच घळीत. टेप, जीपीएस आणि कोयता काढून ठेवलाय, काकांना फोनही झालाय.