एमडी साहेबांना नक्की काय बघायचं असतं ते कळायला मला अख्खा सीझन लागला

आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला एका साखर कारखान्याचं काम मिळालं, एमडी आणि चेअरमन साहेबांसाठी डॅशबोर्ड, म्हणजे महत्त्वाचे आकडे एका स्क्रीनवर. पहिल्याच मीटिंगला मी वही उघडून विचारलं, "साहेब, कुठली माहिती हवीय?" ते म्हणाले, "सगळीच द्या की." मग काय, दिली सगळी! गाळप, उतारा (उसातून किती टक्के साखर निघाली), बगॅस (उसाचा चोथा), मळी, स्टोअरचा स्टॉक, हजेरी, सिस्टीममधे जे जे पडलेलं होतं त्याचे ३८ ग्राफ. साहेब "छान झालंय" म्हणाले. पंधरा दिवसांनी लॉग बघितला तर फक्त दोन लॉगिन, त्यातलं एक पीएने पासवर्ड चालतोय का बघायला केलेलं.

मग एमबीएला शिकलेलं आठवलं. एमआयटीच्या जॉन रॉकार्टने १९७९ मधेच सांगून ठेवलंय की रोजच्या कामकाजातून आपोआप निघणारे रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ढकलू नका, त्यांच्याशी दोन-तीनदा बसा, आधी त्यांचं उद्दिष्ट काय, मग कुठल्या चार-पाच गोष्टी बिघडल्या तर सगळंच बोंबलतं ते काढा, आकडे कुठले हवेत हे सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलटं केलेलं.

म्हणून एक दिवस पहाटे जाऊन नुसता ऑफिसात बसलो. साहेब आले ते थेट खिडकीपाशी, यार्डातल्या उसाच्या गाड्या बघितल्या आणि शेती अधिकाऱ्यांना फोन, "ऊसतोडीच्या टोळ्या किती हलल्या?" यार्ड रिकामं म्हणजे दुपारपर्यंत 'नो केन', मिल बंद. यार्ड तुडुंब म्हणजे ऊस वाळतोय, उतारा पडतोय. आणि हा यार्डातल्या गाड्यांचा आकडा माझ्या ३८ ग्राफमधे कुठेच नव्हता! वजनकाट्यावर गाडी आली की सिस्टीममधे नोंद, त्याआधी सगळं गेटवरच्या रजिस्टरात पेनाने.

मग प्रश्नच बदलला. "साहेब, आठ दिवस तिरुपतीला जाऊन आलात तर आल्या आल्या काय विचाराल?" लगेच म्हणाले, "मिल किती तास उभी होती, आणि शेतकऱ्यांच्या ऊसबिलाचे पैसे कुठून आणायचे." एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, १४ दिवसांत द्यावी लागते, नाहीतर वर १५ टक्के व्याज. म्हणजे तारखेवार देणी, बँकेत तारण ठेवलेल्या साखरेवर अजून किती कर्ज उचलता येईल, आणि सरकारने ठरवून दिलेल्या या महिन्याच्या विक्री कोट्यातली किती साखर शिल्लक. तिन्ही आकडे तीन वेगळ्या माणसांकडे, एक तर गोडाऊन कीपरच्या डायरीत. ते एकत्र आणण्यातच दीड महिना गेला.

चेअरमन साहेबांचं भलतंच निघालं. त्यांना उताऱ्याशी घेणंदेणं नाही, कुठल्या गावात किती ऊस अजून उभाय तेवढं सांगा. सभासदांचे फोन त्यांना येतात ना, आणि निवडणूक पण जवळ आलेली.

आता एमडींच्या स्क्रीनवर फक्त ६ आकडे आहेत आणि गेटवरचा पोरगा आलेल्या प्रत्येक गाडीचं टोकन मोबाईलवर टाकतो. शेती अधिकारी थोडे फुगलेत, सकाळचा फोन कमी झाला म्हणून. परवा पावणेसातला एमडी साहेबांचा मलाच फोन, "अहो, स्क्रीनवर ४७ दाखवतंय, मी खिडकीतून मोजल्या तर पन्नासच्या वर भरतायत." पोरगा चहाला गेलेला.