काकांना सांगितलेली हिमनदी

गेली चौदा वर्षे मी परदेशी सहलींवर टूर मॅनेजर म्हणून जातो आणि समोरची जागा प्रवाशांना रंगवून सांगणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड या बेटांच्या समूहातल्या त्या एका दिवशी मात्र हे काम मला नव्याने शिकावे लागले.

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या खूप उत्तरेला, ७८ अंश उत्तर अक्षांशावर स्वालबार्डमधले लाँगइयरब्येन हे गाव आहे. जुलैमधल्या एका सकाळी तिथून आमचा ग्रुप बोटीने नॉर्डेनशॉल्डब्रीन ही हिमनदी पाहायला निघाला. ग्रुपमध्ये पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी दहा वर्षांपूर्वी पूर्ण गेली होती. एरवी काकू सतत त्यांच्यासोबत असत, पण त्या दिवशी त्यांना बोट लागली. आतल्या बाकावर आडवे होताना त्यांनी मला एवढेच विचारले, "तू यांच्याजवळ थांबशील ना रे?"

इसफ्योर्ड हा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खोल खाडी, ओलांडून बोट बिलेफ्योर्डमध्ये शिरली, हिमनदी समोर आली आणि मी सवयीने सुरुवात केली, "काका, समोर अतिशय भव्य दृश्य आहे." काका शांतपणे म्हणाले, "भव्य म्हणजे किती? लांब किती आहे आपल्यापासून?"

मला उत्तर देता येईना. इतकी वर्षे मी विशेषणांवर भागवत आलो होतो, हे त्या क्षणी मला फार लागले.

मग मी नीट पाहू लागलो. पाण्यातून सरळ वर उठलेला बर्फाचा कडा, अंदाजे सात-आठ मजली इमारतीएवढा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहायला मान वळवावी लागेल इतका रुंद. त्यावर उभ्या भेगा आणि दगडमातीचे काळपट पट्टे, पायाशी मातकट पाणी. रंग विचारल्यावर मी म्हणालो, "पांढऱ्या धोतराला नीळ जास्त झाली की कसे दिसते, तसा, भेगांच्या आत आणखी गडद." घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फात प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा बाहेर येतो, हे गाईडने सांगितलेले कारणही मी जोडले. काका हसून म्हणाले, "आता दिसली."

अंतराचा प्रश्न मात्र त्यांनीच सोडवला. "बर्फ पडताना दिसला की माझ्या हातावर टिचकी मार," असे सांगून ते कठड्याला धरून उभे राहिले. बराच वेळ काहीच घडले नाही. मग कड्याचा एक सुळका आवाज न करता खाली घसरला, मी टिचकी मारली, काकांनी एक, दोन, तीन मोजले आणि वळवाच्या गडगडाटासारखा आवाज आमच्यावर येऊन आदळला. थंड हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३३० मीटर जातो, म्हणजे हिमनदी जवळजवळ एक किलोमीटरवर होती. कप्तानाने एवढे अंतर का राखले, ते मिनिटा-दोन मिनिटांनी लाट बोटीखालून गेली तेव्हा सगळ्यांनाच कळले.

ही हिमनदीही स्वालबार्डमधल्या बहुतेक हिमनद्यांसारखी मागे सरकते आहे. गाईडने स्वालबार्डमधल्याच न्यू-ओलेसुंद या वस्तीजवळचे उदाहरण दिले. तिथल्या फ्योर्डमधली ब्लॉमस्ट्रांड ही जागा नकाशावर द्वीपकल्प होती. १९९० च्या दशकात हिमनदी मागे हटली आणि ते बेट निघाले. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे भारतीय स्थानक २००८ पासून त्याच न्यू-ओलेसुंदमध्ये आहे, हे मी सांगितल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

परतण्यापूर्वी खलाशाने जाळीने पाण्यातला बर्फाचा एक तुकडा वर काढला. तो काचेसारखा नितळ होता. मी तो काकांच्या हातमोज्यावर ठेवला, तेव्हा त्यांनी तो आधी कानाशी नेला. कित्येक शतकांपूर्वी बर्फात दाबून अडकलेली हवा बुडबुडे फुटून बाहेर पडत होती आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येत होता. मी यापूर्वी दोनदा असा बर्फ हातात घेतला होता, पण कानाशी एकदाही धरला नव्हता.

"हिला ऐकवू या," काका म्हणाले. मी त्यांना जिना उतरवून आत नेले. काकू उठून बसल्या, तेव्हा तो तुकडा सुपारीएवढा उरला होता, पण अजून तडतडत होता.